बियाण्याला पहिला हात

वैशाखरे गावात, कमळच्या सासरी, एक रीत होती. राबात, म्हणजे पाला जाळून भाजलेल्या वाफ्यात, भात टाकायच्या दिवशी कणगीतल्या बियाण्याला पहिला हात मुलाच्या आईने लावायचा. कमळला तिन्ही मुली. राबासाठी पाला तोडायला ती, आवणीला रोपं लावत कंबर मोडून घ्यायला ती. बियाणं निघताना मात्र लांब ओटीवर उभी.

सासूबाईंचा, सकुबाईचा, न्यायच न्यारा. पोरींचं नाक सकुबाईचं, उंची नवऱ्याची, शेखरची, हुशारी घराण्याची. मुली होणं तेवढं कमळच्या माहेरचं!

आता मुलगा हवा म्हणून शेखरला दुसरी बायको, खर्डीची मुलगी, ठरवली होती. राब टाकून झाला की देवळात माळ घालायची. कमळच्या भावाने केव्हाच हात झटकले होते. तिला जायला वाट नव्हती आणि राहायला जागा उरणार नव्हती.

थोरली स्नेहल मुरबाडला दहावीत होती. विज्ञानाचं पुस्तक मांडीवर घेऊन ती म्हणाली, "आये, बाईकडं दोन्ही गुणसूत्रं एक्सच. बाप्याकडं एक एक्स, एक वाय. त्याचं वाय आलं तर पोरगा, एक्स आलं तर पोरगी. कंचं येल ते त्याच्याबी हातात नाय. तुझ्याकडं वाय नायच, तर तू देशील कुठनं?"

कमळला रडू फुटलं, पण ते रागाचं होतं.

राबाच्या दिवशी सकुबाई कणगीशी बसली, तेव्हा कमळ ओटीवरून उतरून आली. "आत्याबाय, झिनीचं बी टाकून कोलम भात कापलाय का कुणी? पोरगा का पोरगी ते बापाकडनं ठरतंय. पुस्तकात हाय. दुसरी आणून काय व्हनार?"

शेखर टोपली उचलून बाहेर गेला. सकुबाईचा हात भातातच राहिला. तीसुद्धा या घरातली दुसरीच. पहिल्या धोंडीबाईला चार मुली झाल्या म्हणून हिला आणलं. शेखर झाला आणि घर हिचं झालं. धोंडीबाई गोठ्याच्या पडवीत राहिली, तिथेच मेली.

"मग शेखर मी नाय दिला घराला?" सकुबाई हळू म्हणाली. "आन त्या धोंडीला आमी गोठ्यात कशापायी ठेवली?"

कमळला उत्तर माहीत होतं.

"पुस्तक खोटं हाय," म्हणत सकुबाईने सुपात भात ओतलं.

खर्डीची रविना आली. वर्षाच्या आत तिला मुलगी झाली. पुढच्या राबाला कणगीशी सकुबाईच बसली आणि ओटीवर दोघी उभ्या राहिल्या.

"ताई, माझ्यात काय खोट हाय गो?" रविनाने विचारलं.

कमळने तिच्या हातातली तान्ही पोर आपल्याकडे घेतली.

"काय खोट नाय," ती म्हणाली. "नाक बघ हिचं. आत्याबायचंच."