कापडावरचं बंदर

मोजणी खात्यात सत्तावीस वर्षं नकाशे काढले म्हणून त्यांना सगळे नकाशेवालेच म्हणत. शेजारी म्हणत, दुकानदार म्हणत, चारचौघांत बायकोही तेच म्हणे. त्यांची रेघ अशी, की साहेब लोक भिंगातून बघून माना डोलवायचे. बावन्नाव्या वर्षी डोळ्यांच्या आतल्या नसा सुकायला लागल्या. चौदा महिन्यांत उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला, मग तोही गेला.

पुढची दोन वर्षं ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. मोजणीवर त्यांच्यासोबत उन्हातान्हात हिंडलेला जुना जोडीदार दर रविवारी फोन करायचा. नकाशेवाले हातानेच नको म्हणायचे आणि बायको तिकडे सांगायची, "झोपलेत हो." माणूस इतका झोपतो हे कुणाला पटणार? शेवटी त्यानेही फोन करणं सोडलं.

बायको घरीच शिवणकाम करायची. एक दिवस चालतं मशीन थांबवून ती म्हणाली, "उद्यापासून त्या केंद्रात जायचं. नाव घालून आलेय तुमचं."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात. म्हणून नाही विचारलं."

अंधांना संगणक शिकवणारं ते केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि सहा खुर्च्या. शिकवणाऱ्या बाई जन्मांध, वयाने त्यांच्या मुलीसारख्या, पण जिभेला धार. वर्गात चौघं. शेजारच्या खुर्चीवर बसायची ती वीस वर्षं बेकरीची भट्टी सांभाळलेली एक मावशी. पडद्यावर जे असेल ते संगणकातला आवाज वाचून दाखवायचा आणि कीबोर्ड चाचपत आपण उत्तर लिहायचं. महिन्याभरात नकाशेवाल्यांना पत्र लिहिता यायला लागलं. लिहायचं कुणाला, हा प्रश्न होताच.

एका गुरुवारी बाई म्हणाल्या, "आज खेळायचं."

"खेळायचं? मी काय पोरटोर आहे?" नकाशेवाले म्हणाले.

"नाही, पण बसूनच आहात ना? मग बसल्या बसल्या चाला." बाईंनी सगळ्यांना खेळ उघडून दिला. "यात चित्रं नाहीत. सगळं अक्षरांत. कुठकुठली शंभरेक माणसं या घटकेला याच गावात हिंडतायत. डोळस कोण आणि आंधळं कोण, कुणाला कळत नाही. हं, आता 'बघ' असं लिहा आणि एंटर दाबा."

नकाशेवाल्यांची बोटं कीबोर्डवर थबकली. हा शब्द ते हल्ली बोलतही नसत. पण बाई जवळच उभ्या होत्या, म्हणून लिहिला.

"तू बंदराच्या चौकात उभा आहेस," आवाज म्हणाला. "पायाखाली ओले दगड. उत्तरेला दोरखंडांचं गोदाम. पूर्वेला धक्का. दक्षिणेला चढती गल्ली."

ते खुर्चीत सरळ झाले. दोन वर्षांत त्यांना कुणी पूर्व-पश्चिम सांगितली नव्हती. 'इकडे या', 'जपून', 'पायरी आहे', एवढंच काय ते कानावर पडायचं. त्यांनी 'दक्षिण' लिहिलं आणि आवाजाने खरोखरच त्यांना गल्लीत नेऊन उभं केलं.

पुढे मात्र फजिती झाली. कुणी 'राम राम' केला, कुणी मासे विकत होतं, दोघं भांडत होते, आणि आवाज हे सगळं एका दमात वाचत सुटला. काय करावं ते कळेना म्हणून ते नुसते पश्चिमेला चालत राहिले, दलदलीत शिरले आणि मगरीने त्यांना खाल्लं. "तू मेलास," असं आवाजाने अगदी शांतपणे सांगितलं. मावशी खदखदून हसली. मिनिटभराने तिच्याही संगणकातून तेच वाक्य आलं.

"कंट्रोलचं बटण दाबलं की आवाज गप्प होतो," बाई म्हणाल्या. "सगळं ऐकायलाच हवं असं नाही. काय सोडायचं ते कळलं की अर्धा खेळ आला."

घरी आल्यावर त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "असलं बटण माणसांना का नसतं हो?" दोन वर्षांनी त्या घरात दोघं मिळून हसली.

केंद्राने सरावाला सगळ्यांना घरी एकेक जुना संगणक दिला होता. मग दुपारी जेवणं झाली की नकाशेवाले त्यावरून बंदरात जायला लागले. पण गल्ल्या वाढत गेल्या तसा डोक्यातला नकाशा विस्कटायला लागला, आणि हात शिवशिवायला लागले. त्यांनी बायकोकडे जाड कापड मागितलं, बटणांचा डबा मागितला. एका ठिकाणाला एक बटण. दुकान असेल तर दोन भोकांचं, रस्ता असेल तर चार भोकांचं. दोन बटणांच्या मधे बोटाला लागेल असा जाड दोरा. जिथे जिवाला धोका, तिथे लोखंडी हूक. ते सांगायचे, ती शिवायची. तिला धक्का पाठ झाला, गोदाम पाठ झालं. "तो मासेवाला आज आला होता का?" असंही ती विचारायला लागली.

सातव्या दिवशी दीपगृहाच्या टेकडीपाशी घोटाळा झाला. दीपगृहापासून एक पाऊल उत्तर, एक पूर्व, एक दक्षिण, एक पश्चिम, म्हणजे फिरून दीपगृहच यायला हवं. येत होतं कब्रस्तान. चार दिवस नकाशेवाले तीच चार पावलं चालत राहिले. बायकोने तीनदा बटणं उसवली.

"असेल एखादी जादू. खेळच आहे ना तो," ती म्हणाली.

"जादू नाही. चूक आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला जुना करडेपणा ऐकून तिने सुई ठेवली. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "फोन लावून दे त्याला."

कुणाला, हे तिने विचारलं नाही.

"झाली का झोप?" पलीकडून जोडीदार म्हणाला.

"झाली. ऐक, एक मोजणी जुळत नाहीये."

"मोजणी? कुठल्या गावची?"

"गाव खरं नाहीये रे. पण चूक खरी आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. मग जोडीदार म्हणाला, "उलटं चाललास का? आपण जाताना एकदा मोजायचो आणि येताना पुन्हा. नुसतं जाताना मोजून कधी चूक सापडलीय का?"

एवढी साधी गोष्ट ते विसरले होते. दुसऱ्या दिवशी ते उलटे चालले आणि चूक सापडली. टेकडीच्या मागच्या वाटेवरून पूर्वेला गेलं तर झरा लागायचा, पण झऱ्यावरून पश्चिमेला आलं तर वाट भलतीकडेच निघायची. खेळातलं गाव बांधणाऱ्याने त्या वाटेचं एक टोक चुकीच्या जागी जोडलं होतं. त्यांनी खेळ चालवणाऱ्यांना रीतसर पत्र लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: चूक अकरा वर्षं तिथे होती, लोक भुताटकी समजून सोडून देत, आता वाट दुरुस्त केली आहे. ते उत्तर त्यांनी संगणकातल्या आवाजाकडून जोडीदाराला फोनवर ऐकवलं, दोनदा. तेव्हापासून रविवारी फोन कोण आधी करतो यावरून दोघांत चढाओढ असते.

हे सगळं चालू असताना मावशीने केंद्रात येणं बंद केलं होतं. "तीन आठवड्यांत एकोणीस वेळा मेले, हे काही माझं काम नाही," असं ती बाईंना सांगून गेली. नकाशेवाल्यांना राहवेना. कापड घडी करून पिशवीत घातलं आणि बायकोचा हात धरून ते मावशीच्या घरी गेले. मावशीने कापडावरून बोटं फिरवली, बटणं मोजली, आणि कापड परत त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"काम सुरेख आहे," ती म्हणाली. "पण मला नाही यातलं काही कळत."

"समजावून सांगतो ना. हे बघा, ही उत्तर..."

"उत्तर-बित्तर माझ्या डोक्यात शिरत नाही हो. भट्टीपाशी मी वीस वर्षं वासावर काढली. गोदामात डांबराचा वास येतो असं तो आवाज सांगतो. गल्लीत ओल्या कपड्यांचा. तसं मला आठवतं. पण दलदलीला वास कसला, ते काही कळत नाही, तेवढ्यात मरते मी."

नकाशेवाले तडक घरी आले. इतक्या दिवसांची मेहनत एका वाक्यात बाजूला सरकवली गेली, याचा त्यांना राग आला होता. वासाकडे त्यांनी कधी लक्षच दिलं नव्हतं; वर्णन सुरू झालं की दिशा तेवढ्या ऐकून ते कंट्रोल दाबायचे. त्या दुपारी त्यांनी पहिल्यांदा बटण न दाबता सगळं ऐकलं. दलदलीच्या आधीच्या वळणावर आवाज म्हणाला, "कुजलेल्या पानांचा वास येतो आहे." ते वाक्य तिथे पहिल्या दिवसापासून होतं.

त्यांनी मावशीला फोन केला. "कुजलेली पानं आली की थांबायचं. उद्या तीन वाजता बंदराच्या चौकात या. मी आहे."

मावशी आली. नकाशेवाल्यांनी 'मागे जा' असं लिहून तिचं नाव जोडलं, म्हणजे ती जाईल तिकडे आता तेही आपोआप जाणार होते. ती चुकत होती, गल्ली सोडून धक्क्यावर जात होती, मासेवाल्याशी उगीच गप्पा मारत होती. रस्ता सांगायला त्यांची बोटं तीनचारदा पुढे झाली आणि त्यांनी ती मागे घेतली. दलदलीच्या वळणावर ती थांबली, बराच वेळ. मग तिने एकेक अक्षर शोधत लिहिलं, "आला वास. आता कुठे जाऊ?"

"तुम्हीच ठरवा," त्यांनी लिहिलं, आणि तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसले.