कडुलिंबाशी थांबणारी घोडी

मी मुळातच उतावळी. चहा उकळायच्या आत गाळते आणि एसटी थांबायच्या आत उठून उभी राहते. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात अप्पा, म्हणजे माझे वडील, गोठ्यात पाय घसरून पडले, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी आता घोडीवर बसायचं नाही असं बजावलं, तेव्हा मी दवाखान्यातच बोलून बसले की यंदा निशाण मी नेते.

आमच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. मेंढरं गेली, शेती आली. पण एक मान राहिला. जत्रेच्या दिवशी आमच्या घरातलं कुणीतरी घोडीवर बसून देवाचं निशाण माळावरच्या मल्लण्णाच्या, म्हणजे खंडोबाच्या, देवळापर्यंत न्यायचं. अट एकच. घरातून निघाल्यावर देवळाच्या पायरीपर्यंत स्वाराचा पाय जमिनीला लागायचा नाही. लागला तर मान चुलतकाकाच्या घरी जातो. तो वाईट माणूस नव्हे, पण तीन वर्षांपासून वाट बघत होता. अप्पांना मी एकुलती एक.

आणि मला घोड्याची भीती वाटत होती. आठ वर्षांची असताना अप्पांनी मला घोड्यावर बसवून हायवेपर्यंत नेलं होतं. हुमनाबादकडे जाणाऱ्या लॉरीनं भोंगा दिला, घोडा उधळला, मी डांबरावर पडले. गळ्याजवळचं हाड मोडलं. त्यानंतर अप्पांनी मला पुन्हा कधी घोड्याजवळ जाऊ दिलं नाही. पाहुण्यांना सांगायचे, पोरीला जमत न्हाई. ते वाक्य मी तीस वर्षं ऐकत आले होते आणि दरवेळी मला त्याचा राग यायचा.

जत्रेला दोन महिने होते. घोडी नवी होती, तांबूस, चार वर्षांची, स्वभावानं माझ्यापेक्षा शांत. पहिल्या दिवशी खोगिरावर बसले आणि तशीच उतरले. रात्रभर स्वतःवर चिडले. मी शेजारच्या राजेश्वर गावातल्या एका शाळेत शिकवते. मुलांना मी पाढा एकदम पाठ करायला सांगत नाही. आज दोन ओळी, उद्या आणखी दोन. मग स्वतःला का नाही?

म्हणून रोज सकाळी शाळेआधी थोडंथोडं. पहिले चार दिवस गल्लीच्या टोकाच्या कडुलिंबापर्यंत. तिथं पोचलं की उतरायचं, घोडीला गुळाचा खडा द्यायचा, आणि लगाम धरून चालत परत यायचं. मग पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथंही उतरायचं, गूळ. मग तुरीच्या शेताचा बांध, मग बोअर, मग नाल्यावरचा पूल. वाटेत आधीची ठिकाणं लागली की तिथंही थांबून उतरायची. तेवढाच जिवाला विसावा. एक हात लगामाला, दुसरा आयाळीला घट्ट. अप्पा वॉकर धरून दारात उभे राहायचे. कडुलिंबाशी मी उतरून गूळ देते ते तिथून बघायचे. महिन्याभरात माझी खोगिरावरची मांड पक्की झाली.

पुलाच्या पुढं मात्र गेले नाही. पुढं तीनशे पावलांवर हायवे, तो ओलांडला की माळ. उद्या जाऊ म्हणायची, आणि उद्या पुन्हा पुलावरूनच परतायची. एवढी उतावळी मी, पण याच गोष्टीत मला कधी घाई झाली नाही. असं करताकरता जत्राच आली.

त्या दिवशी बायकांनी माझ्या ओटीत देवासाठी खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडार बांधला, उजव्या हातात निशाण दिलं. हलगी वाजू लागली. अप्पा मागं ऑटोत बसले. येळकोटाचा गजर झाला, भंडार उधळला, आणि घोडी शहाण्यासारखी गल्लीतून निघाली. मला वाटलं, जिंकलं.

कडुलिंब आला आणि ती थांबली.

टाच मारली, पुचकारलं, लगाम सैल सोडला. ढिम्म. मान मागं वळवून माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती अडली नव्हती. मी शिकवलेलं ती इमानानं करत होती. इथं बाई उतरते, गूळ देते, मग पुढं जायचं. आणि पुढं टाकी होती, बांध होता, बोअर होतं, पूल होता. प्रत्येक ठिकाणी माझी भीती मी तिच्याकडून घोकून घेतली होती.

लोक हसायला लागले. हलगी थांबली. काका पुढं आला, हळूच म्हणाला, "उतर बाई आता. तुझा काय दोष न्हाई." मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, स्वतःचाच. एक पाय रिकिबीतून निघालाही होता.

मागून ऑटोतून अप्पांचा आवाज आला. "उतरू नको. वाक, अन् खोबरं दे तिला."

"अप्पा, ते देवाचं हाय."

"मग घोडी कुणाची हाय?"

वाकायचं म्हणजे आयाळ सोडायची. उजव्या हातात निशाण होतं, डाव्यात लगामासकट आयाळ. दोन महिन्यांत घोडीवर असताना आयाळीवरचा हात मी एकदाही सोडला नव्हता. सोडला. ओटीतून खोबरं काढलं, मानेवर पालथी पडून तिच्या तोंडापर्यंत नेलं. जमीन फार जवळ दिसली. घोडीनं खोबरं चावलं आणि चालू लागली.

टाकीशी थांबली, वाकले. बांधाशी, बोअरशी. पुलावर शेवटची वाटी दिली. ओटीत फक्त भंडार उरला आणि पुढं हायवे होता. पोरांनी दोन्हीकडच्या लॉऱ्या अडवल्या होत्या. तरी एकानं भोंगा दिलाच. माझे डोळे आपोआप मिटले. घोडीचे कान हलले, टापा डांबरावर वाजल्या, मग मातीवर. ती कुठंच थांबली नाही. त्या वाटेवर मी तिला थांबायला शिकवलंच नव्हतं.

पायरीवर उतरले. देवापुढं नुसता भंडार वाहिला. अप्पा ऑटोतून उतरून वॉकर टेकत आले. घोडीच्या कपाळावरून हात फिरवत तिच्याशीच बोलावं तसं म्हणाले, "तवा हाड जुळल्यावर हिला परत वर बसवायला पायजे होतं. पोरीला जमत न्हाई म्हणत बसलो. भ्यालो होतो मी."

तीस वर्षं. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि त्यांच्या गळ्यातही पडावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. त्यांच्या धोतराला लागलेली माती झटकली.

परतताना मी पुन्हा घोडीवर बसले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. हायवे ओलांडला. पुलावर ती थांबली, मान वळवून बघू लागली. ओटी रिकामी होती. मागं अप्पांची ऑटोही थांबली. ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला, तर अप्पांनी त्याला गप्प केलं. मी टाच मारली नाही. मानेवर हात ठेवून तशीच बसून राहिले, तिला निघावंसं वाटेपर्यंत.