नाताळचा फिका केक

डिसेंबर जवळ आला की मी केकसाठी मनुका संत्र्याच्या रसात भिजत घालते आणि इथली, शारजातली ती दुपार आठवते. समोरच्या फ्लॅटमध्ये जमैकाची एक शिक्षिका आणि तिचा नवरा नुकतेच राहायला आले होते. एकदा तिने मला कपाटातली बरणी दाखवली, त्यात रममध्ये मुरवलेल्या काळ्याभोर मनुका होत्या. आम्हीही वसईला नाताळसाठी अशाच मुरवायचो, पण मी तिला म्हटलं, "बाई गं, शारजात दारू चालत नाही." ती हसली, "ही दारू कुठे, हा तर केक आहे." त्या दुपारी वॉचमन गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या दोन माणसांना घेऊन जिना चढताना तिच्या नवऱ्याला दिसला आणि त्याने घाबरून सगळी रम बाथरूमच्या जाळीत ओतली. बिल्डिंगमधल्या सगळ्या बाथरूमचा पाइप एकच, हे नव्या माणसाला कुठून कळणार? थोड्याच वेळात माझ्या बाथरूममधून तो गोडसर वास घरभर पसरला. जिन्यातली पावलं थांबली आणि बेल वाजली ती माझ्याच दाराची. "मॅडम, ये स्मेल किधर से आ रहा है?" मी म्हटलं, "ड्रेनेज का है." त्यातल्या एकाने डोळे मिटून सावकाश श्वास घेतला, समोरच्या बंद दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "इन्शाल्ला, फिर आएंगे." ते अजून आलेले नाहीत. आता तीही संत्र्याचा रसच वापरते, आणि बेल वाजली की आम्ही दोघी आधी घरातली हवा हुंगतो, मग दार उघडतो.