फळ्यावरची कोंबडी

कोंबडीच्या रश्श्याचा वास आला की मला आजही शिसारी येते. घरचे म्हणतात, वय झालं, तोंडाची चव गेली. चव शाबूत आहे. तो रस्सा फार चवदार झाला होता, तेच तर दुखणं आहे.

लढाईची वर्षं होती. कराड आणि उंब्रजच्या मधल्या एका गावात मी मराठी चौथीनंतरच्या इंग्रजी पहिलीला शिकवत होतो. वर्गात पंचवीस-तीस मुलं आणि एकच मुलगी, दहा-अकरा वर्षांची. सगळी मोडी गिरवून आलेली. मोडीत वाक्याला टिंब नाही की बोलण्याला टोक नाही, टाक एकदा टेकला की ओळ संपवूनच उचलायचा. त्या पोरांना मला इंग्रजीतलं बोलणं लिहायला शिकवायचं होतं. आधी कोण बोललं ते, मग स्वल्पविराम, मग वर अवतरणाची दोन टोकं, आत पहिलं अक्षर मोठं, शेवटी टिंब आणि पुन्हा दोन टोकं. पोरं ती टोकं मनाला येईल तिथं द्यायची. एकानं तर पानाच्या चारी कोपऱ्यांना टोकं दिली होती, लग्नपत्रिकेला हळदीकुंकवाची बोटं लावतात तशी.

पुस्तकात एक वाक्य होतं. राम सेड, "आय ॲम हॅपी." त्या वाक्याचा मला वीट आला होता. वर्षभर तोच राम आणि तेच त्याचं सुख! आमच्या गावात कुणी कुणाला "मी सुखी आहे" म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. "बरं चाललंय" याच्या पुढं कुणी जात नसे. शेवटी मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "खरोखर कुणीतरी बोललेलं लिहा. टोकांच्या आत त्या माणसाच्या तोंडचं जसंच्या तसं आलं पाहिजे. पदरचा शब्द घालायचा नाही आणि त्याचा गाळायचा नाही."

इंग्रजी बोलणारं माणूस गावात आणायचं कुठून? पण हेडमास्तर होते. इंग्रजीच्या वर्गाला ते हुकूम इंग्रजीतच सोडत. "ब्रिंग वॉटर!" "शट डोअर!" त्यांची इंग्रजी तेवढ्यावरच संपायची, रुबाब मात्र कलेक्टरचा. मुलांनी त्यांचेच हुकूम लिहायला घेतले आणि आठवड्याभरात टोकं जागेवर बसली. सगळ्यांत आधी बसली ती त्या मुलीची. तिच्या वहीत लाल पेन्सिलीला काम उरत नसे.

तिच्या शिकण्याला कारण होतं. बाप पलटणीत, समुद्रापार कुठंतरी. त्याला धाडायच्या पत्रावर पत्ता इंग्रजीत लागायचा आणि तो लिहून घ्यायला तिच्या आईला दर वेळी कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागायचं. बापानं कळवलं होतं, पोरीला इंग्रजी शिकवा, पत्ता ती घालेल. घर चुलत्याच्या हाती होतं. त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "तपासणीचा सायेब पास म्हनला तर ऱ्हाऊ दे साळंत. न्हाईतर घरला कामं लय हाईत, मास्तर." मी म्हणालो, "ती नापास होणं शक्यच नाही." माझ्या या शब्दावर ती वर्षभर शाळेत होती.

तपासणीची तारीख जवळ आली आणि शाळेचा लग्नमांडव झाला. भिंती सारवल्या, तोरणं लागली, "डू नॉट टेल लाईज" ही पाटी पुसून पुन्हा टांगली. हेडमास्तरांनी साहेबांची सरबराई मुलांच्या घरांवर वाटून दिली. कुणी तूप आणायचं, कुणी आंबेमोहोर तांदूळ. आदल्या दिवशी ते माझ्या वर्गात आले, त्या मुलीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ब्रिंग हेन!" मग मराठीत, खालच्या आवाजात, "साहेबांपुढं बोलायचं नाही." तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हजेरीपटात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डालग्यात कोंबडी घेऊन आली. म्हणाली, "गुर्जी, अंड्यांवर बसली व्हती. आई म्हनली, हेडमास्तर मागत्यात तर दे." मी म्हणालो, "ठेव तिकडं." एवढंच म्हणालो.

दुपारी साहेब जेवले. त्यांच्या पंगतीला आम्ही मास्तर मंडळीही बसलो. मी दोन वेळा रस्सा मागून घेतला. शाळेच्या मागं पिसं उडत होती आणि मुलं डब्यातली भाकरी सोडून ती पाहत उभी होती, हे मला दिसत होतं. तरीही मागून घेतला.

मग साहेब दात कोरत माझ्या वर्गात आले. मुलांनी एका सुरात रामाला हॅपी केलं. साहेबांनी जांभई दिली. प्रत्येक शाळेत त्यांना हाच राम भेटत असणार. "पुस्तकातलं नको," ते म्हणाले, "कुणीतरी खरं बोललेलं एखादं वाक्य फळ्यावर लिहा." मुलगे एकमेकांच्या आड दडले. माझी छाती फुगली, कारण हेच तर मी शिकवलं होतं. मीच तिला खूण केली.

ती उठली, परकर सावरला आणि टाचा उंचावून लिहिलं. द हेडमास्टर सेड, "ब्रिंग हेन."

स्वल्पविराम जागेवर, टोकं जागेवर, टिंब आत. साहेबांचं दात कोरणं थांबलं. त्यांनी हेडमास्तरांकडं पाहिलं. हेडमास्तरांच्या कपाळावर घाम, पण आवाज चढा. "खोटं आहे, साहेब! पोरीला कुणीतरी शिकवून ठेवलंय." ते माझ्याकडं बघून बोलत होते. साहेब माझ्याकडं वळले आणि इंग्रजीत विचारलं, खरं काय?

कोंबडी कुठून आली हे साहेबांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना फक्त कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. हे कारण मी पुढं पुष्कळांना सांगितलं, बायकोलाही सांगितलं, आणि दर वेळी ते सांगताना मला स्वतःची घाण वाटली.

मी म्हणालो, "शी टेल्स लाईज, सर."

साहेबांनी स्वतःच्या हातानं फळा पुसला. बोटांचा खडू झटकला आणि हेडमास्तरांना सांगितलं, या मुलीला वर चढवू नका. ती जागेवर जाऊन बसली. रडली नाही. वहीत काहीतरी लिहीत राहिली. मला वाटलं, पोर आहे, विसरेल. माणूस स्वतःच्या सोयीचं काय काय वाटून घेतो!

तिसऱ्या दिवशी चुलता आला. पायरीवर उभा राहून म्हणाला, "मास्तर, सायेब न्हाई म्हनला, इषय मिटला. पर एक सांगा. पोरगी खोटं लिवली व्हती का?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. "नाही," मी म्हणालो, "खरं होतं."

त्यानं विचारलं, "मग तवा का बोलला न्हाईसा?"

तो पायरीवर थुंकला. माझ्यावर नव्हे, बाजूला; तेवढा मान त्यानं ठेवला. जाताना तिची वही माझ्या हातात दिली. "ही साळंची हाय म्हनली. तुमास्नी द्या म्हनली."

वही शाळेची नव्हती. मी शेवटचं लिहिलेलं पान काढलं. तारखेखाली एकच ओळ होती, टाकानं सावकाश लिहिलेली. द टीचर सेड, "शी टेल्स लाईज, सर."

वर्षभराच्या सवयीनं माझा हात लाल पेन्सिलीकडं गेला. मी ती ओळ अक्षर न् अक्षर तपासली. पदरचा शब्द घातलेला नव्हता आणि माझा एकही गाळलेला नव्हता.

मग मी हजेरीपट उघडला आणि त्याच पेन्सिलीनं तिचं नाव कमी केलं.