मास्तरांची लिपस्टिक

साठीतल्या पुरुषाच्या खिशात लाल लिपस्टिक सापडली तर घरात काय होईल, ते सांगायला नको. आमच्या स्केटिंगच्या रिंकवरच्या बूटवाल्या मास्तरांच्या खिशात ती उघड उघड असते, पेन आणि मोजपट्टीच्या शेजारी. मुलं त्यांना लिपस्टिकमास्तरच म्हणतात. त्यांच्या बायकोला कुणी चिडवलं तर ती म्हणते, "मला लग्नापासून एक आणून दिली नाही, आणि यांना दर महिन्याला नवी लागते!"

माझी त्या लिपस्टिकशी गाठ पडली ती मी रडकुंडीला आले होते तेव्हा.

चोपन्नाव्या वर्षी मी बर्फावर स्केटिंग शिकायला लागले. हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खोलीत तीस वर्षं फायली लावल्यावर माणसाला कधीतरी घसरावंसं वाटतं, दुसरं काही कारण नाही. "हौसेला मोल नाही," नवरा म्हणाला. मी वर्गात नाव घातलं आणि ऑनलाइन बूट मागवले. इथेच घोडं पेंड खात होतं, पण ते कळायला मला सहा महिने लागले. आई आम्हा बहिणींना कायम वाढत्या मापाच्या चपला घ्यायची. पाय वाढायचे थांबून चाळीस वर्षं झाली तरी माझी खोड गेली नाही. मी बूट चांगले ऐसपैस घेतले आणि आत दोन जाड मोजे कोंबले.

मग सहा महिने मी आणि रिंकचा कठडा. घोटे आत वळायचे. टाच बुटात वरखाली व्हायची, म्हणून मी नाडी आणखी आवळायची, की पाऊल वरून सुन्न. शिकवणारी मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची. ती विचारायची, "काकू, दुखतंय का?" मी म्हणायची, "छे, काही नाही." एरवी मी खोटं बोलत नाही, पण हे एक खोटं मी जन्मभर बोलत आले आहे. दाढ दुखली, काही नाही. कंबर धरली, काही नाही. घरी एकदाच तोंडून निघून गेलं की बूट बोचतात, तर नवरा पेपराच्या आडून म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." झालं. त्यानंतर घरीही काही नाही.

एका संध्याकाळी त्या मुलीने मला बाजूला घेतलं. "काकू, रागावू नका, पण तुमचे घोटे साथ देत नाहीत. वयाचं असतं हो ते. या महिन्यात कठडा सुटला नाही, तर तुमची जागा दुसऱ्या कुणाला देऊ या का?" मी हसून "हो, हो" म्हटलं आणि कपडे बदलायच्या खोलीत टॉवेलात तोंड खुपसून रडले. स्केटिंग सुटेल याचं तर वाईट वाटलंच, पण 'वयाचं' हा शब्द जास्त लागला.

बॅग खांद्याला लावून निघाले, तर प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीतून मास्तरांनी हाक मारली.

"ताई, लंगडताय."

"छे, काही नाही."

"आत या."

खोलीत चामड्याचा आणि डिंकाचा वास. एक स्टूल, एक दिवा, भिंतभर बूट. मास्तरांनी माझे दोन्ही मोजे काढायला लावले, बुटातला सुटा तळवा बाहेर ओढून जमिनीवर ठेवला आणि मला त्यावर उभं केलं. माझ्या बोटांपुढे तळवा अंगठ्याएवढा शिल्लक होता. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुणी निवडले?"

"मीच."

"यात तुमच्याबरोबर एक भाडेकरूही राहिला असता. घोटे बिचारे काय करतील? त्यांना धरायला आत काही आहे कुठे?"

त्यांनी फळीवरून दुसरा जोड काढला. पातळ मोजे घालायला लावले, टाच मागे आपटून बसवायला सांगितली. उभी राहिले तर बोटं पुढे जेमतेम टेकत होती. गुडघे वाकवले तर मागे सरकली. टाच जागची हलेना. मला माझ्या पायांची ओळख नव्याने होत होती.

"कुठे लागतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

मास्तर हसले आणि खिशातून लिपस्टिक काढली. बूट काढून घोट्याच्या हाडांवर, मोज्यावरूनच, लाल ठिपके दिले आणि पुन्हा बूट घालून वीस उठाबशा काढायला लावल्या. मग बूट उघडून आत दिवा धरला. उजव्या बुटात आतल्या अंगाला लालभडक डाग.

"तोंड म्हणतं नाही, घोटा म्हणतो हो. मी घोट्याचं ऐकतो."

खरं तर तिथे मघापासून टोचत होतं. सोसेल म्हणून मी गप्प होते.

त्या जागी चामडं गरम करून, एका टोकाला गोळी असलेल्या पकडीने ते आतून फुगवताना मास्तर बोलायला लागले. आधी ते एका हॉस्पिटलच्या बूट बनवायच्या कारखान्यात काम करायचे, एक पाय आखूड असलेल्यांसाठी बूट बनवायचे. अकरा वर्षांच्या लेकीला स्केटिंगचं वेड लागलं, तेव्हा तिचे बूट त्यांनी स्वतः केले. ती रोज म्हणायची, छान बसतात बाबा. दीड वर्षाने म्हणाली, कंटाळा आला, आणि सोडलं. पुढे ती तिशीची झाल्यावर एकदा पाय पुसत बसली होती, तेव्हा त्यांना तिच्या टाचेवर हाडाचं टेंगूळ दिसलं. "हे कधीचं गं?" तर म्हणाली, "त्या बुटांचं. तुम्ही इतक्या हौसेने केले होते, कसं सांगणार?"

मास्तरांनी पकड सोडली. "तेव्हापासून ही लिपस्टिक. घाला बूट."

वर्ग संपला होता, बर्फ रिकामा होता. मी कठड्याला धरून दहा पावलं गेले आणि मग हात काढून घेतला. घोटे सरळ! मी पडले नाही असं नाही, दोनदा पडले, पण अख्खी फेरी मारली. शिकवणारी मुलगी दारात बॅग घेऊन उभी होती, ती ओरडली, "काकू, पुढच्या महिन्याची फी भरा!" मनावरचं ओझं उतरलं. वय नव्हतं, बूट होते. अंगण खरंच वाकडं होतं.

परत आले तर मास्तरांनी विचारलं, "कुठे लागतंय?"

"कुठेच नाही."

त्यांनी विश्वास ठेवला नाही. बूट काढले, मोजे काढले, दोन्ही घोटे आणि टाचा अंगठ्याने दाबून पाहिल्या. कुठे लाली नाही.

"आज खरं बोललात," ते म्हणाले.

घरी पोचले तेव्हा नवरा पेपर वाचत होता. माझं चालणं बघून त्याने विचारलं, "काय गं, दुखतंय का काही?"

तोंडावर आलेलं 'काही नाही' मी गिळलं.

"हो, कंबर दुखतेय," मी म्हणाले. "दोनदा आपटले. ठेवा तो पेपर आणि जरा चोळून द्या."

त्याने पेपर ठेवला.