मेणातली ज्वारी

ही गेल्यापासून दुपारच्या वेळी घरात ज्वारी घोळल्याचा आवाज येतो. मागच्या पडवीत, जिथं ती बसायची तिथं. मी भुतंखेतं मानत नाही. लढाईत आसामच्या रस्त्यावर मेलेली माणसं मी ट्रकात भरून नेलीत, त्यातलं एकही कधी उठून मला भेटायला आलं नाही. पण हा आवाज येतो. पहिल्यांदा आला तेव्हा उठून बघितलं. सूप खुंटीला होतं. दुसऱ्या दिवशी सूप शेजारणीला देऊन टाकलं. तरी येतोच.

भीती वाटत नाही. लाज वाटते. कारण हा आवाज तिला एकदा स्वतःच्या कानानं ऐकायचा होता. जन्मात तिनं माझ्याकडं तेवढंच मागितलं, आणि मी नाही म्हटलं. कसं ते सांगतो.

मी उंब्रजच्या बाजूचा. शाळा चौथीपर्यंत, तीही मार खाऊन. आमच्या घरातले दोघं आधीच पलटणीत होते, जपानची लढाई लागल्यावर मी ड्रायव्हर म्हणून गेलो. आसामात अमेरिकन लोक डोंगर फोडून रस्ता करत होते. त्यांच्यातला एक काळा शिपाई, माझ्यासारखाच ट्रकवाला, चिखलात गाड्या अडकल्या की गिटार काढायचा. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला नव्हती. तो माझी बोटं धरून तारांवर ठेवायचा आणि चुकलं की हातावर चापट मारायचा. आमच्या मास्तरापेक्षा हलकी. दीड वर्ष असं चाललं. त्याचं वाजवणं सरळ चालायचं नाही. ठेका पाय ओढत यायचा, मुद्दाम जरा मागं राहायचा आणि मग एकदम गाठायचा. त्याला जाझ म्हणतात हे मला पुढं सांगलीत कळलं. आमची तुकडी हलली तेव्हा त्यानं गिटार माझ्या हातात दिली. का दिली ते विचारायची भाषा माझ्याकडं नव्हती.

गावात थट्टा झाली. "काय रं, लोकं मेडल घिऊन आली, आन् तू लाकूड घिऊन आलास व्हय?" म्हणायचे. लग्न झालं, माधवनगरच्या गिरणीत लागलो, एका खोलीत बिऱ्हाड केलं. तार तुटली की मिरजेच्या सतारवाल्याकडं जाऊन सतारीची तार चढवून आणायचो. आवाज जरा चिरका झाला, पण माझा झाला.

ही तेव्हा नवी नवरी. बोलणं कमी. मी वाजवायला बसलो की माझ्याकडं पाठ करून दारात धान्य निवडायची. एक दिवस माझ्या ध्यानात आलं की आज ठेका निसटत नाही. एरवी रोज निसटायचा. तो मागं ओढणारा ठेका एकट्याला धरता येत नाही, कुणीतरी खालून धरून ठेवावा लागतो. तो काळा शिपाई त्यासाठी बूट आपटायचा. इथं ही सूप घोळत होती. घोळ, घोळ, आणि मग पाखडल्याची थाप. थाप जरा उशिरा, नेमकी जिथं पाहिजे तिथं.

मी हात थांबवला. तिचाही थांबला.

"का थांबलीस?"

"तुमी थांबला म्हणून."

त्या दिवसापासून ती रोज बसायला लागली. आम्ही सगळं धान्य करून बघितलं. तांदळाचा आवाज पातळ. हुलगे लय खडखडायचे. ज्वारी बरोबर. नुसतं रिकामं सूप हलव म्हटलं तर तयार नव्हती, रिकामं सूप हलवलं की घरात दळिद्र शिरतं म्हणायची. आणि वाजवून झालं की तीच ज्वारी दळून भाकरी. मी म्हणायचो, आज ठेका खाल्ला. ती तोंडाला पदर लावायची.

सांगलीतल्या एका थिएटरात मध्यंतरात लोकांनी उठून जाऊ नये म्हणून मी पडद्यापुढं बसून दहा मिनिटं वाजवायचो. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस नाटकातल्या गवयांची गाणी उतरवायला मशीन घेऊन आला होता, त्यानं ते ऐकलं. पारशी साहेब होता, म्हातारा, मराठी मोडकं बोलायचा. हे कुठं शिकलास म्हणून विचारलं, मग म्हणाला दोन तबकड्या करू, चार बाजू, पुठ्ठ्याच्या एका आल्बममध्ये घालून विकू. ढोलकीवाला कोण आहे म्हणाला. मी म्हटलं, बायको आहे, सूप वाजवते. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

गिरणीत बातमी पसरली. एकजण म्हणाला, "बायकूला नाटकात घातलीस काय गड्या?" त्याच्याशी पुढं मी बोललो नाही.

सकाळी थिएटर रिकामं असतं. सगळ्या खुर्च्या गप्प बसून बघत असल्यासारख्या वाटतात, मला त्या अजून दिसतात. परक्या बाप्यांसमोर ती बसणार नव्हती, म्हणून विंगेच्या पडद्याआड तिला सतरंजी टाकून दिली. मशीनवर मेणाची जाड थाळी फिरायची आणि सुई त्यात रेघ कोरत जायची. सव्वातीन मिनिटात चाल संपवायची, त्यापुढं मेण संपतं. पहिली थाळी वाया गेली, कारण हिच्या बांगड्या. साहेब म्हणाला काढून ठेवा. पडद्याआडून उत्तर आलं, "मी हाय तवर न्हाई काढायची." मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मी तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत गुंडाळली. हिरवा चुडा आत, वर पट्टी. भाजल्यासारखे हात दिसत होते. त्या हातांनी तिनं सूप धरलं.

तीन बाजू दुपारपर्यंत झाल्या. चौथी संथ चाल होती, त्या काळ्या शिपायाचीच, पावसात वाजवायची. तिथं मी थोडं वाजवायचो आणि मधली जागा सगळी हिची. ती दोनदा उतरवली. दोन्ही वेळा अशी झाली की साहेब मशीनवरून हात काढायला विसरला. सुपातले शेवटचे दाणे घरंगळून थांबले तरी कुणी हललं नाही.

मग तिनं पडद्याआडून मला हाक मारली.

"आवं, एकदा ऐकवा म्हणावं त्यास्नी. मला कसं वाजतंय ते कळलंच न्हाई. मी दाण्यांकडं बघत हुते."

साहेबानं समजावलं. मेण मऊ असतं. ऐकायला सुई फिरवली की रेघ खरवडून निघते, मग त्यावरून तबकडी काढता येत नाही. एकदा ऐकलं की मेण मेलं. पण बाईंची इच्छा आहे आणि ह्या चालीच्या दोन चांगल्या थाळ्या आहेत, तर एक ऐकवतो, दुसरी मुंबईला नेतो. तो नुसता बोलला नाही, त्यानं एक थाळी उचलून पुन्हा मशीनवर ठेवलीसुद्धा.

मी म्हटलं, "नको साहेब. दोन्ही राहू दे. वाटेत एखादी फुटली तर?"

हाव, दुसरं काय. तिला म्हटलं, तबकडी आली की जन्मभर ऐक की, घाई काय आहे. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग." आणि खाली सांडलेली ज्वारी एकेक दाणा टिपायला लागली. तिच्या हातावरची पट्टी मी सोडली. एक बांगडी आतल्या आत पिचली होती, रक्त आलं होतं. ती वाजवताना काही बोलली नव्हती.

पावसाळा संपता संपता साहेबाचं पत्र आलं. सगळ्या थाळ्या रद्द. मुंबईत वरच्या साहेबांनी बघितलं, चारही बाजूंना मागं खरखर आहे, मेण खराब होतं असं ठरवून सगळं मेण तासून परत वापरायला काढलं. ती खरखर म्हणजे ही. म्हाताऱ्यानं सांगून बघितलं म्हणे, की खराबी नाही, धान्य आहे. वरच्यांनी विचारलं, गाण्यात धान्य कशाला?

पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की साताऱ्याला कॅम्पातल्या एका बंगल्यात मशीन लावतोय, मुंबईचा ड्रमवाला आणतो, तू ये. ही तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेली होती. मी पत्र खिशात घातलं, कऱ्हाडवरून मोटार धरली आणि गेलो. नाही म्हणता आलं असतं. साहेबानं मला विचारलंही, मन नसेल तर बोल. मी म्हटलं, चला साहेब, सुरू करू.

ड्रमवाला गोव्याचा होता, माणूस चांगला. त्याच्याकडं तारांचे ब्रश होते, ते चामड्यावर फिरवायचा. सुर्र, सुर्र, थप. घड्याळासारखा पक्का. माझी एक बाजूही दुसऱ्यांदा करावी लागली नाही. चार बाजू एका सकाळीत झाल्या. बाहेर आलो तर अजिंक्यताऱ्यावर ढग बसले होते आणि माझ्या हाताला घामसुद्धा आला नव्हता.

आल्बम आला तेव्हा ही लेकीला घेऊन परत आली होती. सांगलीत एका जैन व्यापाऱ्याच्या दुकानात तबकड्या वाजवायचा फोनो होता, त्यानं आम्हाला बोलावलं. ती उंबऱ्याबाहेर लेकीला खांद्यावर घेऊन उभी राहिली. संथ चाल लागली. मी बाहेर येऊन तिच्या कानाशी म्हटलं, "ऐकलंस? हे तुझं बघ. सांगलीतलं."

तिनं खाली बघितलं आणि म्हणाली, "व्हय."

बस्स. मग ते खोटं मागं घ्यायला जागाच राहिली नाही. मी ते भावकीत सांगितलं, गिरणीत सांगितलं. लेक मोठी झाली तसं तिला सांगितलं, बाळा, हे आईचं सूप. पुढं घरीही फोनो घेतला, तबकडी लागली की ही हातातलं काम थांबवून बसायची. पण ऐकताना माझ्याकडं कधी बघायची नाही. मला वाटायचं लाजते. पुढं वाटायला लागलं की खोलीत आम्हा दोघांशिवाय तिसरं कुणीतरी बसलंय. ते तासून टाकलेलं मेण. मी एखादं निमित्त काढून उठायचो.

असा उभा जन्म गेला. गिरणी सुटल्यावर आम्ही गावच्या घरात परत आलो. परवा, म्हणजे ती जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, लेकीची पोरं आली होती. त्यांना मी परत तीच गोष्ट सांगितली. पोरं गेली. ही पडवीत ज्वारी घेऊन बसली होती, मी खांबाला टेकलो होतो.

"एक बोलू का?" ती म्हणाली. "तबकडीत मागं वाजती ती तार हाय. ज्वारी न्हाई."

मी नुसतं "कवा कळलं?" म्हटलं.

"दुकानातच की. ज्वारी सगळी एकदम थांबत न्हाई. मागनं दोन-चार दाणं घरंगळत येत्यात. त्यात ते न्हाईत."

मग मी सगळं सांगितलं. पत्र, सातारा, गोव्याचा माणूस. ती सूप घोळत ऐकत होती, हात थांबला नाही. मी विचारलं, एवढी वर्षं बोलली का नाहीस.

"तुमी लय मन लावून सांगत हुता. मोडू कशी?"

एक खडा टिपून बाहेर टाकला आणि म्हणाली, "माजं बरं आलं हुतं का पर? त्या मेणात?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक, ते मीसुद्धा कुठं ऐकलं.

ती हसली. दात गेले होते, तरी हसली. "मंग बरं झालं. मला वाटायचं तुमी एकट्यानं ऐकलं."

श्रावणात गेली. चुडा घालून गेली, म्हणून बाया म्हणाल्या, भाग्याची. मला त्यात भाग्य कुठं दिसलं नाही. मनगटं काडीसारखी झाली होती, बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या.

तेराव्याला जेवणं झाल्यावर जावयानं फोनो काढला. आत्याबाईंचा आवाज घरात होऊ दे म्हणाला. संथ चाल लागली. माजघर भरलेलं. एक बाई रडायला लागली, अगदी तिचा हात आहे म्हणाली. दुसरी म्हणाली, सूप कसं धरायची ते डोळ्यांपुढं आलं. ती तार सुर्र सुर्र करत होती आणि सगळे तिच्यासाठी डोळे पुसत होते. मला बसवेना. मी उठून म्हटलं, बंद करा. ही ती नव्हे. हे मुंबईचं भाड्याचं माणूस आहे, मी आजवर खोटं सांगत आलो.

जावयानं सुई उचलली. लेक माझ्यापुढं येऊन उभी राहिली, तिचं तोंड आईसारखंच पांढरं पडतं.

"आबा, आजच्या दिवशी तरी नका असं बोलू," ती म्हणाली. "तुमी सांगितलं म्हणून मी धरून न्हाई बसले. आईनंच मला सांगितलंय. दवाखान्यात, माझा हात धरून. म्हणाली, ती तबकडी जपून ठिव, त्यात मी हाय. आई काय खोटं बोलली?"

हो म्हटलं तर मेलेलं माणूस खोटं ठरतं, तेही तेराव्याला, तिच्याच घरात. मग म्हटलं, "न्हाई. आई खोटं न्हाई बोलली." आणि भिंतीला टेकून बसलो. जावयानं सुई परत टेकवली.

लेक आल्बम घेऊन सांगलीला गेली. मी देऊन टाकला. तिच्याकडं सणावाराला जातो, तेव्हा पोरं आजी लावतात. तसंच म्हणतात, आजी लावू का. सगळे गोळा होतात, पाहुण्यांना बोलावून ऐकवतात, आणि सगळ्यांना ती ऐकू येते. मी चपला घालून फाटकाशी जाऊन उभा राहतो. सव्वातीन मिनिटं असतात.