कोपरे नसलेली खाण

व्हर्ना अ‍ॅटकिन्सने टॉबिन्स फ्लॅटचं टेलिफोन एक्स्चेंज एकोणतीस वर्षं चालवलं. कुणाचं कुणाशी जुळलंय, कोण कुणाला टाळतंय, सगळं तिच्या कानांवरून गेलं आणि तोंडातून एक अक्षर बाहेर पडलं नाही. त्यामुळे गावाने तिला शांत बाई समजून टाकलं होतं. हा गावाचा गैरसमज. त्र्याहत्तराव्या वर्षीही राग तिच्या नाकावर असे, फक्त ती तो गिळायची.

ईस्टरच्या शनिवारी मात्र तो गिळवेना. गावात सोनं सापडल्याला एकशे तीस वर्षं झाली म्हणून इतिहास मंडळ पहिल्या खाणीपाशी दगड बसवणार होतं. वर मजकूर, 'ही खाण विल्यम ट्रेवेना यांनी खणली.' व्हर्ना सकाळी तिथून चालली होती, तर डेस मल्केही नावाचा सुतार खाणीच्या तोंडाशी करवत आणि चार फळ्या घेऊन उभा.

"हे काय रे, डेस?"

"तोंड चौकोनी करतोय, मिस अ‍ॅटकिन्स. क्लाइव्ह म्हणाला, कड थोडी तासून चौकट ठोक. फोटोत बरं दिसेल."

व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. गोरे लोक खाण चौकोनी खणत आणि फळ्यांचा टेकू देत. चिनी लोक गोल खणत. गोल भिंत स्वतःच स्वतःला धरून राहते, आणि कोपराच नसला की भुताला दबा धरायला जागा उरत नाही. हे टॉबिन्स फ्लॅटचं शेंबडं पोरही सांगेल. आणि ही खाण पिंपासारखी गोल होती. ती खणणारा माणूस व्हर्नाचा आजोबा, आ किट. ऑलिव्ह आत्याने तिला हे एकदाच सांगितलं होतं, तेही दार लावून.

"फळ्या उचल आणि घरी जा."

"क्लाइव्ह माझं डोकं खाईल."

"खाऊ दे. त्याचं पोट भरायचं नाही तेवढ्याने."

ती तडक गावाच्या हॉलवर गेली. मंडळाचा चिटणीस क्लाइव्ह ट्रेवेना, म्हणजे त्या विल्यमचा पणतू, चहाबरोबरच्या स्कोन पावांना लोणी लावत बसला होता.

"क्लाइव्ह, तुझ्या पणजोबाची ती खाण ना? मग कोपरे दाखव. चार नको, एकच दाखव."

"अगं, दमाने घे. चहा घेतेस?"

"चहा घाल चुलीत. ती खाण माझ्या आजोबाने खणली."

क्लाइव्ह ओशाळला. उठला, कपाटातून एक फाइल काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "हे मी लिहिलेलं नाही, व्हर्ना. मागच्या उत्सवाचं आहे, एकोणीसशे एकतीस सालचं."

अक्षर तिच्या वडिलांचं होतं. चर्चमध्ये तीस वर्षं गायलेल्या, रस्त्यात दिसताच ज्याला लोक टोपी काढून मान देत त्या हर्बर्ट अ‍ॅटकिन्सचं. 'आमच्या घराण्याचा चिनी लोकांशी काडीचाही संबंध नाही. आमचा रंग पोर्तुगीज आजोळाकडून आला आहे. पहिली खाण ट्रेवेना यांनीच खणली.'

तिला कागद फाडावासा वाटला. हाच माणूस दर एप्रिलमध्ये उकडलेली कोंबडी आणि तीन कप चहा घेऊन कबरस्तानाच्या मागच्या भिंतीकडे जायचा. तिथल्या दगडावरची चिनी अक्षरं गावात कुणालाच वाचता येत नसत. कुठे चाललात विचारलं, तर म्हणायचा, पाखरांना खाऊ घालायला. पाखरांना चहा! नऊ वर्षांच्या व्हर्नाने तेही खरं मानलं. चिनी नावाच्या माणसाला तेव्हा धड नोकरी मिळत नसे, हे तिला पुढे कळलं. ते कळूनही बापावरचा राग कमी झाला नाही. स्वतःच्या बापाला त्याच्या कबरीवर चिनी रीतीने वाढून ठेवायचा, आणि लिहायला बसला की पोर्तुगीज व्हायचा.

"पेन दे."

"जुना कागद आहे, व्हर्ना. त्यावर लिहायचं नसतं."

"जुन्या खाणीवर करवत चालते, आणि कागदावर पेन चालत नाही?"

क्लाइव्हने पेन दिलं. तिने पत्राखाली लिहिलं, 'हे खोटं आहे. खाण माझ्या आजोबांनी खणली. हर्बर्टची मुलगी, व्हर्ना' आणि तिथेच हात थांबला.

क्लाइव्ह वाकून बघत होता. "दगडवाल्याला आत्ताच फोन करतो. चौकट आता नकोच. तुझ्या आजोबांचंच नाव घालू. पण आडनाव काय कोरायचं, 'आ' की 'किट'?"

त्याने सरळ मनाने विचारलं होतं. तरीही तिचा आवाज चढला.

"आ हे नाव नव्हे रे, हाक आहे! अरे किट, ये किट, तसलं. कारकुनाने विचारलं, तुला काय म्हणतात? आजोबाने सांगितलं, आ किट. कारकुनाने तेच नाव म्हणून लिहिलं, आणि माझ्या बापाने त्याचंच अ‍ॅटकिन्स केलं. कबरस्तानाच्या वहीत बघ, पानंच्या पानं 'आ' आहेत."

"मग खरं आडनाव काय होतं?"

व्हर्नाने पेनाचं टोपण लावलं. सहीतलं आडनाव कोरंच राहिलं.

"ते मागच्या भिंतीपाशी दगडावर कोरलेलं आहे. इतकी वर्षं झाली. तुमच्या मंडळाने कधी कुणाला वाचायला बोलावलं नाही," ती म्हणाली. "आणि मीही नाही."